रोजचं देवघर आणि कामाच्या जागेची पूजा : थोडक्यात, पण नीट

सहाणखोड

देवपूजेवरचे चर्चेचे धागे बहुतेक वेळा दोन टोकांना जातात. एका टोकाला 'भाव असला की झालं, बाकी सगळं कर्मकांड', दुसऱ्या टोकाला संकल्प, न्यास आणि सोळा उपचार. मधे राहतात ते लोक, जे सकाळी लोकल किंवा कंपनीची बस गाठायच्या आधी देवापुढे उभे राहतात. धागा त्यांच्यासाठी. चर्चा शक्यतो हाताच्या कामाची ठेवू या. माझं मत असं की रोजच्या पूजेतला आनंद जातो तो श्रद्धा कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा तो विझणारी वात, चिकट ताम्हण आणि देव्हाऱ्यातल्या मुंग्या यांच्यापायी जातो. एवढं सुधारलं की मन लावायला वेगळी खटपट करावी लागत नाही.

आधी वेळेचं गणित. पंचोपचार म्हणजे गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. ही घाईतली पळवाट नाही, षोडशोपचारांच्या बरोबरीनं परंपरेनंच दिलेला प्रकार आहे. दहा मिनिटांत बसतो, पण अर्धं काम आदल्या रात्री झालेलं हवं:

रात्री ताम्हण, पळी, निरांजन धुऊन कोरडं करून ठेवायचं. फुलवात तुपात भिजवून निरांजनात बसवायची. फुलं ओल्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नकोत. पिशवीत घाम धरतो आणि शेवंतीच्या पाकळ्या कडेनं काळ्या पडतात.

सकाळी आधी निर्माल्य काढायचं. मग स्नान. सगळ्या मूर्तींना रोज पाण्यात घालायची गरज नाही. बाळकृष्ण किंवा बाण (शिवलिंग) ताम्हणात घेऊन त्याला पाणी, बाकीच्यांवर फुलानं शिंपडलं की पुरे. तसबिरींना ओलं फडकं लावू नका. काच आणि चौकट यांच्या फटीतून पाणी आत जातं आणि चित्राच्या खालच्या कडेला तपकिरी डाग चढत जातो, तो निघत नाही.

गंध उगाळताना सहाणेवर पाणी चार-पाच थेंबच. जास्त घेतलं तर खोड नुसतं घसरतं, गंध उतरत नाही. गोल फिरवत दीड-दोन मिनिटं उगाळलं की पाच-सहा देवांपुरतं होतं. झाल्यावर खोड उभं ठेवून वाळू द्यायचं. ओलं खोड डबीत बंद केलं की त्याला बुरशीचा वास लागतो, आणि लोक म्हणतात चंदन नकली निघालं.

बाकी जाणकारांनी भर घालावी.

पहाटवारा

छान धागा, वाचनखूण साठवली. पहिला प्रश्न माझाच घ्या. निरांजन पाच-सात मिनिटांत विझतं. तूप घरचं आहे, वाती बाजारच्या तयार फुलवाती. वारा नाही, पंखा बंद असतो. नैवेद्य दाखवेपर्यंत अंधार. घरात लगेच 'शुभ नाही' सुरू होतं.

कापूसकोंड्या

पहाटवाराताई, शुभाशुभ बाजूला ठेवा, आधी कापूस जाळून बघा. खरंच. एक फुलवात चिमट्यात धरून काडी लावा. शुद्ध कापूस कागदासारखा वास देत जळतो आणि मागं राखाडी राख उरते, बोटानं चुरली की भुगा होतो. मिश्र धागा असेल तर वात आक्रसते आणि टोकाला काळा कडक मणी बनतो. हा मणी निरांजनात वातीच्या डोक्यावर बसला की तूप वर चढायचं थांबतं आणि वात विझते. स्वस्त वातींच्या पुड्यांत हा प्रकार सर्रास असतो.

कापूस ठीक निघाला तर पुढची कारणं या क्रमानं तपासा:

१. वात फार घट्ट वळलेली आहे. तूप चढतं ते धाग्यांमधल्या बारीक फटींतून. पीळ जास्त झाला की फटी बंद होतात. फुलवातीची बैठक सैल आणि पसरट हवी, रुपयाच्या नाण्याएवढी. फक्त वरचं देठ पिळलेलं, साधारण एक सेंटिमीटर.

२. तुपात पाणी आहे. लोणी पुरतं कढवलं नाही की पाण्याचा अंश राहतो. ज्योत तडतडते आणि बसते. बेरी तांबूस झाली, बुडबुडे बारीक होऊन आवाज थांबला, की तूप झालं. धुतलेलं निरांजन न पुसता वापरलं तरी हेच होतं.

३. वातीचं डोकं कोरडं आहे. लावायच्या आधी देठाच्या टोकाला तुपाचं बोट लावा. नाहीतर आधी कापूस जळतो, तूप वर यायच्या आत देठ संपतं.

४. थंडीत तूप गोठलेलं असतं. ज्योत आपल्याभोवतीचं तेवढंच वितळवते, तिथं खड्डा पडतो आणि कडेनं भरपूर तूप असूनही वात उपाशी राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तूप पातळ करूनच घाला.

चहाचा एक चमचा तूप आणि बारीक वात असली तर पाऊण तासाच्या आसपास दिवा चालतो. वात जाड असेल तर त्याच तुपात अर्धा तासही कठीण.

घरी वाती करायच्या तर देवकापूस घ्या. सरकी काढा, बोटांनी पिंजून धागे मोकळे करा. चिमूटभर कापूस तळहातावर गोल पसरवा, मधोमध चिमटीत धरून उचला आणि बोटाला किंचित दूध किंवा भस्म लावून देठ पिळा. कोरड्या बोटानं पीळ टिकत नाही, उलगडतो. रविवारी बसून पंधरा करून ठेवल्या की सकाळ-संध्याकाळचा आठवडा निघतो. एक जास्तीची, कारण एखादी फसतेच. हे काम टीव्हीसमोर बसूनही होतं. पण हात वातीवर आणि डोळे मालिकेवर असले की देठं वाकडी होतात, एवढं सांगून ठेवतो.

तुपात भिजवलेल्या तयार वाती करायच्या तर बर्फाच्या सिलिकॉन साच्यात वाती उभ्या करून वर पातळ तूप ओता आणि फ्रिजमधे ठेवा. एप्रिल-मेमधे गाईचं तूप बाहेर टिकत नाही, वाती बसतात. दुकानातल्या तुपवाती उन्हाळ्यातही कडक राहतात, कारण त्यांत बहुधा वनस्पती तूप असतं. जाळायला चालतं, नैवेद्याच्या वाटीत मात्र ते जाऊ देऊ नका.

पहाटवारा

मणी! तोच बसतो. मी काजळी समजून काडीनं काढत होते. धन्यवाद.

तेलतवंग

समईचं पण घ्या. 'समई गळते' ही तक्रार घरोघर आहे. पाटावर तेलाचा डाग, खाली वर्तमानपत्र, कागद तेलानं भिजलेला, आणि त्यावर दिवा. धोका आहे तो.

समई गळते ती शक्यतो तीन ठिकाणी.

चोचीतून : वात चोचीबाहेर लांब लोंबत असेल तर तेल वातीवाटे बाहेर चढतं आणि टोकावरून ठिबकतं. गंमत अशी की दिवा जळताना कमी गळतं, कारण वर आलेलं तेल जळून जातं. शांत झाल्यावर रात्रभर गळतं. म्हणून दिवा शांत झाला की वात काडीनं आत, वाटीत ओढून घ्यायची. जळताना वात चोचीबाहेर तीन ते पाच मिलिमीटर पुरे. ज्योतीची उंची दोन सेंटिमीटरच्या वर गेली की धूर आणि काजळी सुरू.

वाटीच्या काठावरून : तेल काठोकाठ भरू नका. अर्धं बोट खाली.

मधल्या दांड्यातून : समईचे भाग आट्यांनी जोडलेले असतात, म्हणजे बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा मोर किंवा कळस. वाटीच्या मधून जाणारा आटा सैल झाला की तेल दांड्यावरून उतरतं. सगळं सुटं करून आटे गरम सोड्याच्या पाण्यात घासा, कोरडे करा, आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप दोन वेढे द्या किंवा सुती दोरा गुंडाळा आणि आवळा. ज्योत तिथून लांब असते, टेप वितळायची भीती नाही.

वात समईला जोडवात, म्हणजे दोन वाती एकत्र. तेल तिळाचं उत्तम. शेंगदाण्याचं चालतं. नुसतं 'दिव्याचं तेल' असं लिहिलेल्या बाटलीवर आत काय आहे ते छापलेलं नसेल तर घेऊ नका. त्यात बऱ्याचदा खनिज तेल असतं आणि बंद खोलीत डोळे चुरचुरतात. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, पुण्या-नाशकाच्या थंडीत ते घालून उपयोग नाही.

फुंकून विझवू नये याला शास्त्र काय म्हणतं ते म्हणो, फुंकरीनं गरम तेलाचे शिंतोडे चेहऱ्यावर उडतात हे कारण मला पुरेसं आहे.

विवेकवादी_पण_नेटका

देव मानत नाही, तरी धागा आवडला. एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. हे सगळं वात-तेल-तांब्या घरकामच झालं. यात श्रद्धा नेमकी कुठं येते?

सहाणखोड

नेटकेराव, प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर थोडक्यात: श्रद्धा आधी आणि हातकाम नंतर असा क्रम बहुतेकांच्या बाबतीत नसतो. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेच काम नीट करायचं आणि त्याचा कोणाकडून हिशेब घ्यायचा नाही, ही सवय लागते. त्या सवयीत काहींना देव भेटतो, काहींना नुसती शांत दहा मिनिटं. दोघांची वात सारखीच जळते.

इंद्रायणीकाठ

सावता माळींचं उदाहरण आहेच की. अरणच्या मळ्यात...

कापूसकोंड्या

काका, ते सगळ्यांना पाठ आहे. :) पितळेवर कोणी लिहा.

पितळी_तांब्या

लिहितो. लोकांचा घोळ इथंच होतो, कारण तेलकटपणा आणि डाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हींवर एकदमच लिंबू चोळतात. आंबट पदार्थ तेलाच्या थरातून खाली पोचत नाही. म्हणून आधी तेल, मग डाग.

पहिली पायरी: कडकडीत पाणी एक लिटर, धुण्याचा सोडा एक मोठा चमचा. निरांजनं, समईच्या वाट्या त्यात दहा मिनिटं. काजळी आणि जुनं तेल सुटतं. जुन्या टूथब्रशनं कोपरे घासून घ्या, हातमोजे घाला, सोडा हाताला लागतो.

दुसरी पायरी: लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कोळ काढा, त्यात अर्धा चमचा मीठ. कोळ लावून एक-दोन मिनिटं चोळा आणि लगेच धुवा. भिजत ठेवू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थात जास्त वेळ राहिलं की वरच्या थरातलं जस्त आधी निघून जातं आणि भांड्यावर गुलाबी-तांबूस चट्टे उरतात. लोकांना वाटतं वरचा पितळेचा मुलामा निघाला. तसं काही नसतं. चट्टे बारीक पावडरीनं घासून काढावे लागतात. पीतांबरी वगैरे तयार पावडर चालते, तिलाही नियम तोच: लावा, चोळा, लगेच धुवा.

तिसरी पायरी, जी सगळे गाळतात: साध्या साबणानं एकदा धुऊन आंबटपणा पूर्ण घालवा आणि कोरड्या सुती फडक्यानं लगेच पुसा. मग दहा मिनिटं ऊन. वाऱ्यावर आपोआप वाळू दिलं की पाण्याचे ठिपके राहतात आणि दोन दिवसांत भांडं पुन्हा काळपट. 'कितीही घासलं तरी टिकत नाही' याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा न पुसणं हेच असतं. (नव्वद हा आकडा अंदाजपंचे, भांडू नये.)

नवीन, आरशासारखं चकचकीत पितळ आणलं असेल तर त्यावर लाखेचा पारदर्शक थर असू शकतो. त्याला चिंच लावू नका, थर ठिकठिकाणी सुटून भांडं कोडासारखं दिसतं. नुसतं ओलं फडकं.

आणि ताम्हण तांब्याचं असेल तर पंचामृत त्यात साठवू नका. दही तांब्यात कळकतं, हिरवट होतं, आणि ते तीर्थ म्हणून प्यायलं तर मळमळ ठरलेली. स्नान ताम्हणात घाला, पण प्यायचं पंचामृत चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत वेगळं ठेवा. पाव वाटी दूध, दोन चमचे दही, एक चमचा साखर, अर्धा चमचा मध, पाव चमचा तूप. तूप-मध सारख्या मापात घेत नाहीत, हे आजीलोकांना विचारायची गरज नाही, आयुर्वेदातही आहे. साधं पाणी तांब्यात चालतं.

निशिगंधा_

चांदीच्या टाकांचं काय? घरोघरी जुने टाक आहेत. खंडोबा, भवानी ओळखू येत नाहीत इतके झिजलेत.

पितळी_तांब्या

टाक हा नाजूक विषय. पातळ चांदीच्या पत्र्यावर ठोकून आकृती उठवलेली असते, काहींना मागून तांब्याचा पत्रा जोडलेला असतो. पावडर, राख, रांगोळी, टूथपेस्ट या सगळ्या खरखरीत वस्तू. दर सणाला घासलं की उठावाची टोकं, म्हणजे नाक, डोळे, हातातलं आयुध, सगळ्यात आधी जातात. पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावानं घासूनच देव सपाट झालेत.

रिठ्याचं पाणी वापरा. चार-पाच रिठे फोडून, बी काढून, दोन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. मऊ ब्रशनं हलकेच, स्वच्छ पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा. कडेचा जोड उघडा पडला असेल तर पाण्यात बुडवू नका, आत पाणी अडकून काळी रेघ येते. जोड सोनाराकडून आधी बंद करून घ्या.

एकसंध चांदीच्या वाट्या, पळी यांना सोपा उपाय: स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियमचा फॉइल, त्यावर एक लिटर उकळतं पाणी, एक मोठा चमचा खायचा सोडा. चांदी फॉइलला टेकलेली हवी. दोन ते पाच मिनिटं. काळा थर हा चांदी आणि गंधक यांचा असतो, त्यातलं गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी झिजत नाही. थोडा घाण वास येतो, घाबरू नका. खडे बसवलेल्या, सोन्याचं पाणी दिलेल्या किंवा मुद्दाम काळसर केलेल्या नक्षीच्या वस्तूंना हे करू नये. टाकांनाही नाही.

निशिगंधा_

अन्नपूर्णेखालच्या तांदळाबद्दल पण सांगून टाकते, मलाच बऱ्याच जणी विचारतात. वाटीत तांदूळ घालून त्यावर अन्नपूर्णा बसवतात. महिनोन्‌महिने तेच तांदूळ राहिले की टोके होतात आणि ते डब्यातल्या धान्यापर्यंत पोचतात. दर शुक्रवारी बदलायचे, काढलेले तांदूळ त्याच दिवशीच्या भातात. हळदकुंकू तांदळावर न वाहता मूर्तीच्या पायाशी लावलं की तांदूळ खायला स्वच्छ राहतात.

लेथमास्तर

घराचं पुष्कळ झालं, आता कारखान्याकडे या. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मशिनांची पूजा होते आणि दसऱ्यानंतर कामावर आल्यावर निम्म्या शॉपमधे गंजाचे ठिपके दिसतात. देवाचा कोप नाही. ओलं कुंकू.

हळदकुंकू पाण्यात कालवून लेथच्या (धातू फिरवून कातायच्या मशिनच्या) बेडवर, घासून गुळगुळीत केलेल्या सरकपट्ट्यांवर बोटं ओढतात. त्यावर झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं. ओलावा धरून ठेवायला यापेक्षा चांगली सोय नाही. वर सुट्टी, मशिन दोन दिवस बंद. पूजा जरूर करा, पण या क्रमानं:

मेन स्विच बंद, आणि त्यावर 'चालू करू नये' ही पाटी. पूजेच्या गर्दीत कुणाचा तरी हात बटणाला लागतोच.

बुरादा ब्रशनं आणि हुकानं काढा. हवेच्या पाइपानं उडवू नका, बारीक कण स्लाइडच्या आत आणि माणसाच्या डोळ्यात जातात. मग फडक्यानं पुसा, कूलंटच्या टाकीवरचा तेलाचा तवंग काढा, पट्टे तपासा, तेलाची पातळी बघा, अर्थिंगची तार सुटलेली नाही ना ते बघा. वर्षभर पुढं ढकललेलं सगळं काम या एका दिवशी निघतं, आणि ते निघतं कारण उद्या मशिनला हात जोडायचे असतात. मेंटेनन्सच्या तक्त्यानं जे होत नाही ते झेंडूच्या माळेनं होतं, हे मी मॅनेजर लोकांसमोर म्हणायलाही तयार आहे.

सरकपट्ट्यांवर स्लाइडवे तेलाचा पातळ हात फिरवा. यानंतरच पूजा.

गंध-कुंकू रंगवलेल्या भागावर: हेडस्टॉकचं झाकण, नावाची पट्टी. घासलेल्या धातूवर नाही, मोजमापाच्या उपकरणांवर तर मुळीच नाही. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पेटीतच ठेवा, पेटीला कुंकू लावा. जबड्यांमधे कुंकवाचा कण अडकला तरी माप बदलतं.

माळ मशिनच्या बॉडीवर टाका. चक, स्पिंडल, लीडस्क्रू या फिरत्या भागांना बांधू नका. दोरा तिथं राहिला आणि मशिन चालू झालं की तो गुंडाळला जातो, आणि ओढून काढायला कुणी हात घातला तर बोट जातं. परत कामावर आल्यावर पहिली गोष्ट माळा काढणं, दोऱ्यासकट मोजून.

नारळ बाहेर दगडावर. नारळपाण्यात क्षार असतात, लोखंडावर डाग हमखास. दिवा थिनर, केरोसीन, रंगाचे डबे यांच्या जवळपासही नको. पूजेपुरता रिकाम्या टेबलावर, शेजारी वाळूची बादली.

गल्ल्यावरचा_गणपती

मास्तर, जबरदस्त. दुकानदारांसाठी एक छोटं: क्यूआर कोडच्या स्टँडलाही हल्ली रोज कुंकू लागतं. त्या चौकटीतले तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन झाकले गेले की स्कॅनच होत नाही, कारण कॅमेरा आधी तेच शोधतो. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, अडकते आणि मग गिऱ्हाईक म्हणतं नेट नाही. गंध स्टँडच्या माथ्यावर लावा. उदबत्ती गल्ल्याजवळ खोचायची असेल तर स्टँड पसरट बशीचा घ्या. राख नोटांवर आणि बिलाच्या प्रिंटरच्या कागदी रोलवर पडते. तो कागद उष्णतेनं काळा होणारा असतो, निखारा जवळ आला तरी पट्टा उमटतो.

बग_नाही_फीचर

ऑफिसवाल्यांना: लॅपटॉपवर कोरडं कुंकू टाकू नका, कळफलकातून खाली जातं आणि पंखा ते आत ओढतो. झाकणावर गंधाचं एक बोट पुरे. आणि सर्व्हर रूममधे उदबत्ती-दिवा अजिबात नाही. तिथले धुराचे सेन्सर फार संवेदनशील असतात, काही ठिकाणी धूर ओळखला की खोलीत आग विझवणारा वायू सुटतो. पूजा दाराबाहेर, दाराच्या चौकटीची.

मिशिगन_मावशी

परदेशातल्यांसाठी थोडं. पूजेच्या वेळी घरातला धुराचा गजर (स्मोक अलार्म) वाजतो म्हणून त्यावर टोपी चढवणारे लोक आहेत, कृपया करू नका. गजर बहुधा ज्योतीमुळे नाही, उदबत्ती, धूप आणि कापराच्या दाट धुरामुळे वाजतो. तुपाची बारीक वात, धूप वगळून, आणि गॅसवरचा धूर ओढणारा पंखा चालू: इतकं बऱ्याच घरांत पुरतं. भाड्याच्या घराच्या किंवा वसतिगृहाच्या करारात उघड्या ज्योतीला मनाई असेल तर बॅटरीचा दिवा लावावा, करार मोडून दिवा लावू नये.

देवकापूस मिळत नाही. औषधांच्या दुकानातले कापसाचे गोळे घेताना पाकिटावर 'शंभर टक्के कापूस' बघून घ्या आणि वर कापूसकोंड्यांनी सांगितलेली काडी लावून परीक्षा करा. तिथि मात्र भारतातल्या नातेवाइकांच्या संदेशावरून पाळू नका. सूर्योदय वेगळा, तिथि एक दिवसानं सरकू शकते. आपल्या गावासाठी काढलेलं पंचांग बघावं.

पहाटवारा

आता तुळस. दर पावसाळ्यात मरते. रोज तांब्याभर पाणी घालते, कधी चुकवत नाही.

अंगणवेल

मग ती त्या पाण्यानंच मरते, ताई. :) पावसाळ्यात माती आधीच ओली, त्यात रोज तांब्या, मुळं कुजतात. वरून पानं मलूल दिसतात म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. बोट पेरभर मातीत खुपसा, ओल लागली तर त्या दिवशी पळीभर पाणी वाहिलं की नेमही राहतो आणि तुळसही.

कुंडी दहा-बारा इंची, खाली भोक असलेली. दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग वाळू. चार-पाच तास ऊन. मंजिऱ्या आल्या की खालच्या पानांच्या दोन जोड्या धरून खुडा. बी धरायला लागली की झाड पानं वाढवणं थांबवतं आणि वाळतं. द्वादशीला न खुडायचा नेम असेल तर आदल्या आठवड्यात खुडून घ्या.

देवाच्या स्नानाचं पाणी कुंडीत ओततात. साधं पाणी असेल तर ठीक. पंचामृताचं नको. साखर-दुधानं मुंग्या येतात, मुंग्यांच्या मागोमाग पिठ्या ढेकूण, पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसतात ते. आले असतील तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभर ती पानं तीर्थात घालू नका.

दिवा बुंध्याला टेकवून ठेवू नये, खालची पानं करपतात. गोव्या-कोकणात अंगणातल्या वृंदावनाला दिव्यासाठी कोनाडा असतो, तो वाऱ्यासाठी तसा झाडासाठीही. गॅलरीतल्या कुंडीपुढं वीतभर अंतरावर, तीन बाजू बंद असलेला मातीचा दिवा ठेवला की दोन्ही साधतं.

सहाणखोड

निर्माल्याचं राहिलं. अंगणवेल, तुम्हीच लिहा, आणि मुंग्यांचंही.

अंगणवेल

निर्माल्य: वीस लिटरची भोकं पाडलेली बादली. हारातला दोरा, जर, प्लास्टिकची फुलं, सगळं आधी काढा. झेंडूच्या पाकळ्या लवकर कुजतात, देठाकडचा हिरवा गुच्छ महिनोन्‌महिने तसाच राहतो, तो कात्रीनं चिरून टाका. मूठभर निर्माल्याला दोन मुठी वाळका पाला किंवा नारळाचा भुसा. आठवड्यातून एकदा वरखाली. घाण वास आला तर ओल जास्त झाली, पाला वाढवा. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीचा वास असलेलं खत होतं, ते तुळशीलाच जातं. रासायनिक रंगाचं कुंकू आणि उदबत्तीच्या बांबूच्या काड्या बादलीत नकोत.

मुंग्या: नैवेद्य दाखवून झाला की वाटी उचला, संध्याकाळपर्यंत ठेवू नका. रोजच्याला दूध-साखरेऐवजी गूळखोबऱ्याचा एक तुकडा ठेवा, सांडत नाही. देव्हाऱ्याच्या लाकडी फटींत सांडलेली साखर, मध, तूप ओल्या फडक्यानं निघत नाही, बोथट काडीला कापूस गुंडाळून गरम पाण्यानं काढा. त्यानंतर फटीवर हळदीची रेघ ओढली तर मुंग्या काही दिवस दुसरीकडून वळतात. रेघ पुसली गेली की परत येतात, तेव्हा साखर नीट निघाली नव्हती असं समजा आणि पुन्हा काडी घ्या.